बाजारातली छत्री: सावली हवी, पण पक्की

यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही आठवडी बाजारात मे महिन्यात चक्कर मारा. भाजीच्या दुकानावर मोठी छत्री दिसेल आणि तिचा दांडा दोन विटांमध्ये कसाबसा उभा असेल. छत्री काढा, असं मी डॉक्टर म्हणून कधीच सांगणार नाही. पारा ४२-४४ अंशांवर असताना सावली हाच उष्माघातापासूनचा पहिला बचाव आहे. माझा आक्षेप त्या दोन विटांना आहे.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की छत्रीवरचा जोर चौपट होतो. दुपारी निमूट उभी असलेली छत्री संध्याकाळच्या वादळात भाल्यासारखी सुटते. २०१६ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया बीचवर वाळूतून उपटलेल्या छत्रीने एका महिलेचा जीव घेतला.

आपली काळी माती उन्हाने भेगाळते, दांडा धरत नाही. म्हणून २० लिटरच्या डब्यात मधोमध पाइप उभा करून वाळू भरा. सुमारे ३० किलो वजन होतं. शिवाय दोन-तीन बाजूंनी दोरीने बांधा. आभाळ भरून आलं की छत्री मिटवा, गिऱ्हाईक थांबेल.

इजा झालीच, तर अंगात घुसलेला तुकडा उपटू नका आणि जखमी डोळा चोळू नका किंवा दाबू नका. लगेच १०८ ला फोन करा.

आणि बाजाराची पावती फाडणाऱ्यांना विनंती: ओट्यांवर छत्रीसाठी पक्के पाइप बसवून द्या. टाके घालण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.