उघडी जीप आणि आम्ही

"मोटार घ्यावी तर बंद घ्यावी, उघडी घेऊन धूळ खाण्यांत कोणतें शहाणपण?" असा प्रश्न आमच्या एका स्नेह्यांनीं आम्हांस विचारला, त्यास आतां अकरा वर्षें होऊन गेलीं. त्या वेळीं आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. तीन धन्यांच्या हातांखालून गेलेली, कापडी टपाची एक जुनी जीप आम्हीं नुकतीच विकत घेतली होती. आणि घेण्याचें खरें कारण एवढेंच कीं, आमच्या बाळपणीं तालुक्याचे डॉक्टर अशाच गाडींतून आमच्या गांवीं येत. आज त्या प्रश्नाचें उत्तर थोडेंबहुत देतां येईल असें वाटतें. तें सर्वस्वीं आमच्या बाजूचें आहे असें मात्र नाहीं, हें वाचकांनीं आरंभींच लक्षांत घ्यावें.

ही गाडी मूळची लढाईची. सन १९४० च्या उन्हाळ्यांत अमेरिकेच्या सैन्यानें हलकी, चारही चाकांस इंजिनाचा जोर पोंचविणारी गाडी मागितली, आणि बॅन्टम नांवाच्या एका लहानशा कंपनीनें अवघ्या ४९ दिवसांत पहिला नमुना उभा करून दिला. पुढें विलीज व फोर्ड या दोन कारखान्यांनीं मिळून युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. १९४५ सालीं विलीज कंपनीनें तीच गाडी किंचित् फेरफार करून शेतकऱ्यांसाठीं विकावयास काढली, आणि पुढें मुंबईस माझगांव येथें महिंद्र बंधूंच्या कंपनीनें सुटे भाग आणून ती जोडण्यास प्रारंभ केला. तेव्हांपासून मामलेदाराची फेरी, निवडणुकीचा प्रचार, ऊंस-कारखान्याचा शेतकी अधिकारी आणि खेड्यांतील वऱ्हाड, या सर्वांचें वाहन जीपच होऊन बसलें. सैन्यांतील त्या मूळ गाडीच्या एका अंगास कुऱ्हाड व फावडें पट्ट्यांनीं आवळून ठेविलेलें असे. चित्रांत तें आम्हीं अनेकदां पाहिलें होतें. त्याचा अर्थ मात्र फार उशीरां कळला.

उघडी गाडी पहिल्या महिन्यांतच मनुष्याचा तोरा उतरविते. बंद मोटारींत बसलेला गृहस्थ रस्त्यावरील लोकांस पाहतो, परंतु त्यांचे बोल त्यास ऐकूं येत नाहींत. कांचा वर, आंत गार हवा, गाणें चाललेलें. वाटेच्या माणसावर चिखल उडाला तरी त्याच्या गांवींही नसतें. आमचें तसें नाहीं. साताऱ्याहून मेढ्याकडे जातांना एकदां आम्हीं एका डबक्यांतून गाडी जोरानें काढली. कडेनें चाललेल्या एका वृद्ध गृहस्थांचें धोतर भिजलें, आणि त्यांनीं आमच्या वाडवडिलांचा जो उद्धार केला तो शेवटच्या अक्षरापर्यंत आम्हांस ऐकूं आला. पुढच्याच वळणावर गुरांचा कळप आडवा आल्यामुळें आम्ही थांबलों, तों तेही मागून येऊन पोंचले ! त्यांची क्षमा मागून त्यांस घरापर्यंत पोंचविलें. तेव्हांपासून डबकें दिसलें कीं आमचा पाय आपोआप ब्रेकवर जातो.

त्याच रस्त्यावर दुसरा एक अनुभव वारंवार येतो. डोक्यावर गांठोडें घेतलेली एखादी आजी हात करिते, कारण आमच्या भागांत जीप म्हणजे वडाप. गाडी थांबते न थांबते तोंच ती मागें चढून बसते, आणि उतरतांना कनवटीची गांठ सोडून विचारते, "किती झालं रं, बाळा ?" पैसे नकोत म्हणावें तर तिला संशय येतो. एकीनें तर, "मग तुझा धंदा कसा व्हायचा ?" म्हणून आमची मनापासून कींव केली. मोठ्या बंद मोटारीस कोणी हात करीत नाहीं, ही गोष्ट आम्हांस पूर्वीं ठाऊक नव्हती. आमच्या मागच्या बाकांवर बसून गेलेल्या मंडळींनीं आम्हांस जावळी खोऱ्याची माहिती जितकी दिली तितकी कोणत्याही ग्रंथांतून मिळाली नसती : कोणत्या वाडीचा झरा फाल्गुनांतच आटतो, कोठें सड्यावरची जमीन विकली गेली, कोठें एस. टी. येत नाहींशी झाली, आणि कोणाचा मुलगा मुंबईहून परत आलाच नाहीं.

गाडी हांकण्याच्या कसबाविषयींही दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. गाडी सोंपवितांना मेस्त्रींनीं आम्हांस एकच ताकीद दिली, "सुकाणूच्या चाकाच्या आंत आंगठा घालूं नका." खडकाळ वाटेवर पुढचें चाक दगडावर आपटलें म्हणजे जुन्या गाडीचें सुकाणूं एकाएकीं गरकन् फिरतें, आणि आंत आंगठा असल्यास तो मोडतो. घाट उतरतांना गाडी खालच्या गियरमध्यें ठेवून इंजिनानेंच तिला आवरावें. डिझेल वाचविण्याच्या लोभानें न्यूट्रलमध्यें सोडूं नये. ओढ्यांतून निघाल्यावर ब्रेक हलके दाबून वाळवावे. हें सर्व थोड्या अभ्यासानें अंगवळणीं पडतें. फोर-व्हीलची गोष्ट मात्र निराळी. वळतांना पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां मोठा फेरा घेतात. परंतु आमच्यासारख्या जुन्या गाडींत फोर-व्हील लावलें म्हणजे पुढचा व मागचा दांडा एकमेकांस जखडले जातात. चिखलांत चाकें थोडीं घसरून हा फरक भरून काढितात. कोरड्या डांबरी रस्त्यावर तसें होत नाहीं, आणि सगळा पीळ गाडीच्याच दांतेचक्रांत सांठत जातो. म्हणून हा जोर जमीन सैल असेल तेथेंच वापरावयाचा, असा नियम आहे. जमीन सैल आहे एवढ्यावरून तेथें जावें असा मात्र कोठेंही नियम नाहीं, आणि ह्याच एका गोष्टींत आम्ही फसलों.

सन १९ नव्हे, २०१९ चा तो डिसेंबर महिना; कालचीच गोष्ट वाटते. नाताळच्या सुट्टींत आम्ही आंबेनळी घाटानें पोलादपुरास उतरून दापोली तालुक्यांतील एका लहानशा गांवीं मुक्कामास गेलों होतों. बरोबर आमचा पुतण्या होता. तो तेव्हां नववींत. समुद्राच्या कांठानें पाणी उडवीत धांवणाऱ्या गाड्यांचीं चित्रें त्यानें मोबाइलवर पाहिलीं होतीं. "काका, आपली तर फोर-व्हील आहे," हें एकच वाक्य तो तीन दिवस बोलत होता. २६ तारखेस अमावास्या व सूर्यग्रहण झालें. २७ च्या सकाळीं सात वाजतां आम्हीं त्याचें ऐकिलें. दोष त्याचा नव्हे. पंधरा वर्षांच्या मुलापेक्षां आमची हौस कांहीं कमी नव्हती.

उधाणाचे दिवस असल्यामुळें ओहोटीनें पाणी फार मागें गेलेलें. ओली वाळू फरसबंदीसारखी टणक दिसत होती, आणि सुमारें अर्धा मैल गाडी अशी पळाली कीं आम्हीं टोपी काढून हातांत घेतली. पुढें एक बारीकसा ओहोळ समुद्रास मिळत होता. त्याच्या कांठीं वाळूचा रंग किंचित् निराळा होता. खालीं उतरून पायांनीं चांचपून पाहण्यास एक मिनिट लागलें असतें. आम्ही उतरलों नाहीं. पुढचीं चाकें रुतलीं, आम्हीं जोर दिला, आणि चारही चाकांनीं आपापले खड्डे इतक्या तत्परतेनें खणले कीं दोन मिनिटांत गाडी आंसांवर बसली. साधी मोटार असती तर ती किनाऱ्यावर उतरतांच कोरड्या वाळूंत अडकली असती, आणि दोघांनीं ढकलून बाहेर काढली असती. फोर-व्हीलनें आमच्यावर जो उपकार केला तो हाच कीं, अडकावयाचें तें कोणाच्या हांकेसही लागणार नाहीं इतक्या दूर नेऊन अडकविलें.

आठाच्या सुमारास भरतीचें पाणी मागच्या चाकांस लागलें. पुतण्या धांवत जाऊन कोळीवाड्यांतून माणसें घेऊन आला. त्यांनीं आमच्याकडे फारसें लक्ष न देतां कामास हात घातला. टायरांतील निम्मी हवा सोडली, म्हणजे टायर पसरून वाळूवर अधिक जागा धरतात. चाकांपुढची वाळू उपसली, होडी ओढण्याचे ओंडके चाकांखालीं सारले, होडीचाच दोर बांधला, आणि वीसएक जणांनीं एका तालावर ओढून साडेनऊ वाजतां गाडी वर काढली. तोंपर्यंत लाट बसण्याच्या जागेपर्यंत येऊन गेली होती. आम्हीं पैसे पुढें केले. ते कोणीं घेतले नाहींत. टोपली कमरेवर घेऊन उभी असलेली एक बाई एवढेंच म्हणाली, "ह्याच रेतींत आमचीं शिंपलीं असतात, दादा. आमच्या ताटांत नांगर फिरवलात कीं हो !"

त्यांतील एका वृद्धानें आमच्या हातांत फावडें दिलें. तो म्हणाला, खालच्या चाकोऱ्या समुद्र पुसून टाकील. वरच्या कोरड्या वाळूंतल्या तुम्ही बुजवून जा. त्याचें कारण त्यानें सांगितलें तें असें. हिंवाळ्यांत समुद्रकासवें रात्रीं किनाऱ्यावर येऊन कोरड्या वाळूंत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडीं घालतात. दीड-दोन महिन्यांनीं पिल्लें बाहेर पडून समुद्राकडे चालूं लागतात. पिल्लूं दोन बोटें लांबीचें. त्यास चाकोरी म्हणजे खंदक. त्यांत पडलेलें पिल्लूं समुद्राकडे न जातां चाकोरीच्याच आधारानें वेड्यासारखें चालत राहतें, आणि उजाडल्यावर कावळे-घारी व कुत्रीं आपलें काम करितात. वेळासच्या किनाऱ्यावर २००२ सालापासून चिपळूणच्या सह्याद्रि निसर्गमित्र संस्थेनें गांवकऱ्यांच्या साह्यानें हीं अंडीं राखण्याचें काम चालविलें, हें आम्हीं वाचलें होतें. वाचून कौतुकही केलें होतें. आमच्या चाकांचा त्याच्याशीं कांहीं संबंध असेल हें मनांत आलें नव्हतें. दुपारपर्यंत आम्ही काका-पुतणे वांकून चाकोऱ्या बुजवीत होतों. गाडी गोड्या पाण्यानें तीनदां धुतली, तरी वर्षाच्या आंत तिच्या पाट्यांच्या कड्या गंजल्या व तळाचा पत्रा बदलावा लागला. तो खर्च आमचा आम्हीं भरला. त्या बाईच्या शिंपल्यांचा हिशोब कसा भरावयाचा, हें आम्हांस अद्याप सुचलेलें नाहीं.

महिंद्र कंपनीची 'थार' २०१० सालीं निघाली आणि २०२० सालीं तिचें नवें रूप आलें, तेव्हांपासून अशा गाड्यांची हौस तरुणांत पुष्कळ वाढली आहे. हौसेस आमचा विरोध नाहीं. आम्ही कोणत्या तोंडानें विरोध करणार? परंतु समुद्राची पुळण आणि सह्याद्रीवरील सडे, हीं दोन ठिकाणें चाकांस पूर्णपणें बंद असावींत, असें आमचें स्पष्ट मत आहे. सड्यावर खडकाच्या पाठीवर मातीचा थर असतो तो कोठें वीतभर, कोठें बोटभर. पावसाळ्याच्या अखेरीस त्याच थरावर गेंद, तेरडा, सीतेचीं आसवें फुलतात, आणि त्यांच्यासाठीं कासचें पठार २०१२ सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेलें. एकदां चाकाखालीं दबलेली ती माती वर्षानुवर्षें सैल होत नाहीं. "आम्ही एकदांच तर गेलों" असें जाणारा प्रत्येक जण म्हणतो. आम्हीही एकदांच गेलों होतों.

ह्याच्या उलट, असलीं वाहनेंच नकोत असें म्हणणाराही एक पक्ष आहे. त्यांस आम्ही जुलै २०२१ ची आठवण देतों. त्या अतिवृष्टींत आंबेनळी घाट दरडींनीं बंद पडला, आणि जावळींतील एका वाडीचा रस्ता तर चिखलांत दिसेनासा झाला. तेथील एका बाईस वेणा येऊं लागल्या. निरोप मिळतांच आम्ही गेलों. वाडींतले दोन तरुण काठ्या टेंकीत गाडीपुढें चालत होते. ते जेथें पाय ठेवूं म्हणतील तेथेंच आम्ही चाक ठेवीत होतों. चार तासांनीं मेढें आलें, आणि बाई व बाळ दोघेंही सुखरूप राहिलीं. गाडी तीच, फोर-व्हील तेंच, हांकणारे आम्हीच. परंतु वाडीच्या लोकांनीं आम्हांस बोलाविलें होतें; समुद्रकांठीं आम्हांस कोणींही बोलाविलें नव्हतें.

गाडीच्या डाव्या अंगास आम्हीं आतां पट्ट्यांनीं एक फावडें बांधून ठेविलें आहे. पुतण्यास परवाना मिळाल्यापासून गाडी बहुतकरून तोच नेतो. गेल्या दिवाळींत मित्रांस घेऊन तो कोंकणांत गेला होता. परत आल्यावर आम्हीं संवयीप्रमाणें गाडीखालीं वांकून पाहिलें. खाऱ्या पाण्याचा मागमूस नव्हता. चाकांस केवळ तांबडी माती होती. फावड्याच्या पात्यास मात्र पांढरी वाळू चिकटलेली दिसली. आम्हीं त्याच्याकडे पाहिलें.

"गाडी रस्त्यावरच उभी होती, काका," तो म्हणाला. "चाकोऱ्या दुसऱ्या कोणाच्या होत्या."