विचारलं कुणी?



आज जरा रागानेच लिहिते आहे.

आमच्या थोरल्या जाऊबाई, अक्का, गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होत्या. मधुमेह जुना, इन्सुलिन चालू. रात्रिभोजन त्यागाचा नियम त्याहून जुना. घरून डबा गेला, सूर्यास्ताआधी त्या जेवल्या. साडेसातला सिस्टर आली आणि जेवणाआधीचं इन्सुलिन टोचून गेली. आठला दवाखान्याचं ताट आलं, ते तसंच झाकून राहिलं. दहाच्या सुमारास अक्कांना दरदरून घाम, हातपाय थरथर, बोलणं अडखळलेलं. साखर खाली गेली होती. शिरेतून ग्लुकोज दिलं म्हणून निभावलं.

सकाळी डॉक्टर रागावले, "आजी, रात्री जेवत नाही हे सांगायचं नाही का?"

अक्का म्हणाल्या, "विचारलं कुणी?"

भरतीच्या फॉर्मवर धर्माचा रकाना होता. त्यात "जैन" असं लिहिलेलंही होतं. पण नुसत्या धर्माच्या नावावरून काय कळणार? आमच्याच घरात अक्का कांदा-बटाटा शिवत नाहीत आणि सूनबाई बटाटेवडा आवडीने खाते. आडनावावरून अंदाज बांधू नका, माणसाला विचारा. किती वाजता जेवता? उपवास कधी? काय चालत नाही? मी बी.कॉम. झालेली बाई, हिशोब मला कळतो. या तीन प्रश्नांना दोन मिनिटं लागतात. न विचारण्याची किंमत अक्कांनी मोजली.

काही जण म्हणतात, "दवाखान्यात धर्म कशाला? हे लाड झाले." लाड कसले? जेवणाची वेळ हा इन्सुलिनच्या उपचाराचाच भाग आहे. २०११च्या जनगणनेत देशात आपण सुमारे ४४ लाख, त्यातले १४ लाख एकट्या महाराष्ट्रात. २०१४ साली केंद्राने आपल्याला अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. म्हणून वेगळी खोली मागत नाही, फक्त प्रश्न विचारा म्हणते.

आता जरा आपल्याकडे वळते. आपणही गप्प बसतो. कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचं, हे कळल्यावर कितीजणी ती गुपचूप उशीखाली सारतात! बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका असतो, औषधाच्या पाकिटावर तो शोधून सापडत नाही, हे खरं. पण टाकून देणं हा उपाय नव्हे. डॉक्टरांना विचारा, गोळी किंवा पातळ औषध मिळेल का? वनस्पतीजन्य कवचाच्या कॅप्सूलही असतात. कवच उघडून पूड मात्र मनाने घेऊ नका, काही औषधं जठरातल्या आम्लाने वाया जातात. रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपॅरिन डुकराच्या आतड्यापासून काढतात. ऑपरेशनच्या आधीच विचारा, पर्याय आहे का ते बघा, आणि नसेल तर शांतपणे निर्णय घ्या. ऐनवेळी खाटेवर नको.

औषधदान आपल्या चार दानांपैकी एक. समाजाच्या पैशावर चालणारे दवाखाने आहेत, त्यांच्या ट्रस्टवर आपलेच काका-मामा आहेत. तिथे तरी रुग्णाला हे विचारतात का? रमजानमध्ये रोजा धरणाऱ्या मधुमेही बाईला "इन्सुलिनची वेळ बदलायची का?" असं विचारतात का? तिचा दिवसाचा उपवास आणि अक्कांचं रात्रीचं न जेवणं, डॉक्टरांच्या दृष्टीने अडचण एकच. आपल्यापुरती सोय मागायची आणि दुसऱ्याला विसरायचं, ही कसली अहिंसा?

मुनी महाराजांच्या आहाराच्या वेळी आपण किती जपतो! त्यातली थोडी काळजी खाटेवरच्या म्हातारीलाही मिळू दे.

आजच एक कागद घ्या. जेवणाची वेळ, नियम, उपवासाच्या तिथी, चालू औषधं लिहा आणि दवाखान्याच्या फाइलीत सर्वांत वर लावा. त्यांनी विचारलं नाही, तरी आपण सांगायचं. आणि ट्रस्टच्या पुढच्या सभेत उठून विचारायचं, आपल्या फॉर्मवर हा रकाना कधी येणार?

जय जिनेंद्र.