सबर म्हणजे गप्प बसणं नव्हे

पाळीच्या दिवसांत बाईला रोजा माफ आहे. तरीही रमजानमध्ये कितीतरी मुली अब्बू आणि भाईसमोर रोजा असल्यासारख्याच वावरतात. दीनने दिलेली सवलत आपण शरमेची गोष्ट करून टाकली. जिथे पाळीचा उच्चारच होत नाही, तिथे पाळीतल्या असह्य दुखण्याबद्दल कोण बोलणार?

हे दुखणं एंडोमेट्रिओसिसचं असू शकतं. यात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या सुमारे १९ कोटी स्त्रियांना, म्हणजे प्रजननक्षम वयातल्या दहापैकी एकीला हा आजार आहे. आपल्याकडे उत्तर ठरलेलं: "सबर कर, शादी झाली की थांबेल." शादी हा इलाज नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर. एरर मेसेज लपवला म्हणून बग जात नाही, हे आम्हाला रोज कळतं. हार्मोनच्या गोळ्यांनी वेदना कमी होतात, ऑपरेशनने गाठी निघतात, पण आजार परतू शकतो. म्हणून मुळाचा शोध हवा.

२०२३ मध्ये जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांना ६४ टक्के रुग्णांच्या गर्भाशयाच्या अस्तरात फ्यूसोबॅक्टेरियम हा जिवाणू सापडला. आजार नसलेल्यांत हे प्रमाण १० टक्क्यांहून कमी होतं. उंदरांना अँटिबायोटिक दिल्यावर गाठी घटल्या. पण उंदरांवर चाललं म्हणजे माणसांवर चालेलच असं नाही. मेडिकलमधून आपल्या मनाने गोळ्या आणू नका.

त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या पुढाकाराने ६०,६७४ रुग्ण स्त्रियांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आजाराशी जोडलेल्या ४२ जागा त्यात सापडल्या. मात्र त्या स्त्रिया युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशाच्या होत्या. ज्यांचा डेटाच नाही, त्यांना नव्या औषधाचा किती उपयोग होईल हे कसं कळणार?

ही उणीव भरून काढायला मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेने भारतीय स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला आहे. पण दवाखान्यापर्यंत न पोहोचलेली मुलगी कुठल्याच अभ्यासात येत नाही. "रिश्ता मोडेल" या भीतीने आजार लपवला, तर आपल्या बहिणी मोजणीतूनही गायब होतात.

म्हणून हे मी भावांना आणि शौहरांना सांगतोय. दर महिन्याला ती कॉलेज किंवा काम चुकवत असेल, तर "बायकांचं काहीतरी" म्हणून उठून जाऊ नका. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे सोबत चला. इलाज करणं सुन्नत आहे, आणि सबर इलाजासोबतही करता येतो.