प्लॅन १०० एमबीपीएसचा, हातात १२ : बोईसर-तारापूरच्या घरात पोहोचेपर्यंत इंटरनेटचा वेग कुठे गळतो?

रात्रीचे साडेनऊ. बोईसरमधलं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. डहाणू लोकलने उशिरा परतलेला माणूस जेवायला बसलाय. टीव्हीवर मॅच सुरू आहे, पण ऐन चौकाराच्या वेळी चकती गोल फिरायला लागते. आतल्या खोलीत मुलगी प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म भरतेय. शेवटची तारीख आजची आहे आणि फोटो अपलोड होत नाहीये. कस्टमर केअरला फोन लावला की ठरलेलं वाक्य ऐकू येतं, ‘सर, राउटर एकदा बंद करून चालू करा.’ राउटर बंद होतो, चालू होतो. चकती फिरतच राहते.

देशात तारेवरून ब्रॉडबँड घेणाऱ्या ग्राहकांची संख्या ४ कोटींच्या पुढे गेली आहे. त्यामुळे हा अनुभव काही एकट्या बोईसरचा नाही. पण तारापूर एमआयडीसी, अणुऊर्जा केंद्र, मुंबईला रोज ये-जा करणारे नोकरदार आणि नव्याने उभी राहिलेली गृहसंकुलं असलेल्या या पट्ट्यात घरचं इंटरनेट आता फक्त करमणुकीसाठी राहिलेलं नाही. नोकरी, परीक्षा, बँक, सरकारी फॉर्म हे सगळं त्याच एका तारेवर चालतं.

मग १०० एमबीपीएसचे पैसे भरून वेग जातो कुठे? तो तीन ठिकाणी गळू शकतो. घराच्या आत, घरापर्यंत येणाऱ्या तारेत आणि तारेच्या पलीकडे कंपनीच्या नेटवर्कमध्ये. गळती यातल्या कोणत्या ठिकाणी आहे हे ग्राहकाला सांगता आलं नाही, तर तक्रार राउटरच्या बटणापाशीच संपते.

१२ म्हणजे नेमके १२ काय?

सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करायला हवा. कंपनी वेग सांगते तो ‘मेगाबिट’मध्ये. फाइल डाउनलोड करताना संगणक दाखवतो तो बहुतेकदा ‘मेगाबाइट’मध्ये. एका बाइटमध्ये ८ बिट असतात. म्हणजे १०० एमबीपीएसच्या कनेक्शनवर डाउनलोडचा आकडा सेकंदाला १२.५ एमबीच्या आसपास दिसणार. स्क्रीनवर ‘१२ एमबी’ दिसत असतील तर वेग पूर्ण मिळतोय, भांडण्याचं कारण नाही. स्पीड टेस्टमध्ये मात्र ‘१२ एमबीपीएस’ आले, तर खरोखरच काहीतरी बिघडलंय.

दुसरी गोष्ट जाहिरातीतल्या ‘पर्यंत’ या शब्दाची. ‘१०० एमबीपीएसपर्यंत’ म्हणजे जास्तीत जास्त शंभर. तिसरी गोष्ट ‘अनलिमिटेड’ची. अनेक मोठ्या कंपन्यांच्या अनलिमिटेड प्लॅनमध्ये महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा अटींमध्ये लिहिलेली असते. ती ओलांडली की वेग एकदम खाली आणला जातो. साध्या कुटुंबाचा वापर तिथपर्यंत सहसा जात नाही. पण छोट्या प्लॅनमध्ये ही मर्यादा बरीच कमी असू शकते. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच नेट रडत असेल, तर कंपनीच्या अॅपमध्ये वापराचा आकडा आधी पाहावा.

पहिली गळती : घराच्या आत

बहुतेक लोक स्पीड टेस्ट मोबाइलवर, वायफायवर, राउटरपासून दोन भिंती सोडून करतात. अशा टेस्टमधून कळतो तो वायफायचा वेग. फायबरचा वेग त्यातून कळत नाही.

वायफाय दोन पट्ट्यांवर चालतं. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीतून लांबपर्यंत जाते, पण तिचा वेग कमी असतो. शिवाय शेजारच्या दहा घरांचे राउटर त्याच पट्ट्यात गर्दी करून असतात. या पट्ट्यात एकमेकांना न अडवणारे चॅनेल फक्त तीनच आहेत. भिंतीला भिंत लागून असलेल्या चाळीत किंवा टॉवरमध्ये ही अडचण हमखास येते. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त असतो, पण काँक्रीटची भिंत आली की ती लहर दमते.

म्हणून खरी चाचणी एकच. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा, वायफायवरची बाकी उपकरणं बंद करा आणि मग स्पीड टेस्ट करा. केबलवर ९५ आणि वायफायवर १२ येत असतील, तर कंपनीने आपलं काम केलंय. राउटर कपाटाच्या मागून काढून घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवला तरी बराच फरक पडतो.

इथे एक फसवी जागा आहे. प्लॅन २०० किंवा ३०० एमबीपीएसचा आहे आणि केबलवर आकडा नेहमी ९४-९५ वरच अडकतो, असं होत असेल तर दोष तारेत किंवा पोर्टमध्ये असतो. राउटरचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असला, किंवा केबलमधल्या चार जोड्यांपैकी दोनच जोड्या जुळल्या, तर वेग तिथेच थांबतो. मोठा प्लॅन विकून १०० च्या पोर्टचा राउटर दिला असेल, तर तो बदलून मागण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे.

दुसरी गळती : खांबावरची आणि जमिनीखालची तार

केबलवरही १२ च आले, तर नजर घराबाहेर न्यायची. फायबरमधून वीज वाहत नाही, प्रकाश वाहतो. केसाएवढी काचेची तार जोरात वाकली, दारात चेपली किंवा कनेक्टरवर धूळ बसली, तर प्रकाश कमी पोहोचतो.

हा प्रकाश ‘डीबीएम’मध्ये मोजतात आणि आकडा उणे असतो. घरगुती फायबरमध्ये तो साधारण उणे ८ ते उणे २७ च्या दरम्यान असावा लागतो. उणे १८ किंवा उणे २० म्हणजे तब्येत ठणठणीत. उणे २७ च्या पलीकडे गेलं की चुका वाढतात, कनेक्शन तुटत-जुळत राहतं. दर ३ डीबी कमी झाले की प्रकाश निम्मा होतो, हे लक्षात ठेवलं की या आकड्यांचं गांभीर्य कळतं. बऱ्याच राउटरच्या सेटिंगमध्ये हा आकडा ‘आरएक्स पॉवर’ किंवा ‘ऑप्टिकल पॉवर’ या नावाने दिसतो. टेक्निशियनकडे त्याचं मीटर असतंच. तो घरी आला की ‘डीबीएम किती आहे?’ हा एक प्रश्न विचारावा. राउटरवर ‘एलओएस’चा लाल दिवा लागला असेल, तर प्रकाश पोहोचतच नाहीये. मग राउटर कितीही वेळा रीस्टार्ट केला तरी उपयोग नाही.

बोईसर-पालघर भागात ही गळती जास्त गांभीर्याने घ्यावी लागते. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं एक स्थानक बोईसरला आहे. विरार-डहाणू मार्गाचं चौपदरीकरण, मालगाड्यांसाठीची स्वतंत्र मार्गिका आणि वाढवण बंदर हे प्रकल्पही याच जिल्ह्यातले. त्यात रस्ते, पाणी आणि सांडपाण्याच्या नेहमीच्या कामांची भर. जिथे जेसीबी चालतो, तिथे फायबर तुटण्याची भीती असतेच.

हा प्रश्न देशभर किती मोठा आहे, ते सरकारनेच सांगितलं आहे. २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप सुरू करताना केंद्र सरकारने दिलेल्या माहितीनुसार, बेपर्वा खोदकामामुळे देशात दरवर्षी सुमारे १० लाख वेळा फायबर तुटते आणि त्यातून जवळपास ३ हजार कोटी रुपयांचं नुकसान होतं. खोदण्याआधी कंत्राटदाराने या अॅपवर कळवायचं आणि खाली कोणाच्या लाइन आहेत ते जाणून घ्यायचं, अशी ती व्यवस्था आहे. तुटलेली तार जोडता येते, पण प्रत्येक जोडात थोडा प्रकाश वाया जातो. घाईत केलेला जोड खराब निघाला, तर नेट ‘चालू’ दिसतं, पण पूर्वीसारखं चालत नाही.

तिसरी गळती : फक्त रात्री ८ ते ११

सकाळी ९५, रात्री १२ असं चित्र असेल, तर तार आणि राउटर दोघेही निर्दोष आहेत. गर्दी पुढे कुठेतरी आहे.

घरगुती फायबरसाठी आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या जीपॉन तंत्रात एका मुख्य तारेवर सुमारे २.५ जीबीपीएस क्षमता असते. ती ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. ३२ घरांनी एकाच क्षणी पूर्ण वेगाने ओढलं तरी प्रत्येकाला सुमारे ७८ एमबीपीएस मिळतील, ६४ घरांत ३९. प्रत्यक्षात सगळे एकाच क्षणी ओढत नाहीत. एचडी व्हिडिओला ५ एमबीपीएसच्या आसपास वेग पुरतो. म्हणजे रोज रात्री वेग १२ वर येत असेल, तर गल्लीतल्या तारेपेक्षा संशय पुढच्या लिंकवर जातो. स्थानिक केंद्रापासून मुंबईकडे जाणारी जी क्षमता ऑपरेटर घेतो, तिच्यावर ग्राहक वाढत गेले आणि क्षमता तेवढीच राहिली, की हे होतं.

ट्रायच्या २००६ च्या नियमांपासून एक निकष आहे. गर्दीच्या वेळीही अशा लिंकचा वापर ८० टक्क्यांच्या आत असावा. म्हणजे रात्रीची गर्दी हे कारण कंपनीने पुढे करायचं नाही, तिची तयारी ठेवायची आहे.

कधी कधी दोष त्याहूनही लांब असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या, तेव्हा भारतासह अनेक देशांत इंटरनेट मंदावलं होतं. ओळख सोपी आहे. देशातल्या साइट नीट चालतात आणि काही परदेशी सेवाच रखडतात.

१२ एमबीपीएस कायद्याने गुन्हा आहे का?

इथे ग्राहकाची सगळ्यात मोठी निराशा होते. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने ब्रॉडबँडची व्याख्या बदलून किमान डाउनलोड वेग ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर नेला. म्हणजे शंभरच्या प्लॅनवर १२ मिळाले, तरी कागदोपत्री ते ‘ब्रॉडबँड’च ठरतं.

१ ऑक्टोबर २०२४ पासून ट्रायचे सेवा-गुणवत्तेचे नवे नियम लागू झाले. निकष मोडल्यास होणारा दंड ५० हजारांवरून १ लाख रुपयांवर गेला. तारेवरच्या सेवेतला बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही, तर ग्राहकाला भरपाईची तरतूदही आहे. पण निकष मोजले जातात ते कंपनीच्या एकूण कामगिरीवर. तुमच्या घरातला वेग तपासायला ट्राय येत नाही आणि वैयक्तिक तक्रारीही ऐकत नाही. शिवाय ‘बंद’ सेवा सिद्ध करणं सोपं आहे, ‘संथ’ सेवा सिद्ध करावी लागते.

म्हणून पुरावा हवा. तीन दिवस सकाळी, दुपारी आणि रात्री केबल लावून स्पीड टेस्ट घ्या. तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट ठेवा. डीबीएमचा आकडा लिहून ठेवा. मग तक्रार नोंदवताना ‘नेट स्लो आहे’ एवढंच म्हणू नका. ‘केबलवर रात्री १२, सकाळी ९५’ असं सांगा. हे वाक्य ऐकल्यावर राउटर रीस्टार्ट करायला सांगणं समोरच्यालाही अवघड जातं.

तक्रारीचा रस्ता

२०१२ च्या नियमांनुसार कंपनीने प्रत्येक तक्रारीला डॉकेट नंबर द्यायलाच हवा. तो नसेल तर नियमांच्या दृष्टीने तक्रारच झालेली नाही. उत्तर मिळालं नाही किंवा पटलं नाही, तर ३० दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. अपील मोफत असतं आणि ३९ दिवसांत निकाली काढायचं असतं. दूरसंचार विभागाच्या तक्रार कक्षाचा नंबर १०६३, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. २००९ च्या एका निकालामुळे टेलिकॉमच्या तक्रारी ग्राहक न्यायालयात चालतात की नाही, यावर वर्षानुवर्षं वाद होता. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी वोडाफोन-आयडियाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो मिटवला आणि ग्राहक आयोगाचा मार्ग मोकळा झाला. ग्राहक राहतो त्याच जिल्ह्यात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकीलही सक्तीचा नाही.

पण हा सगळा रस्ता एका कागदापाशी अडू शकतो. लहान शहरांत कनेक्शन अनेकदा स्थानिक केबलवाल्याकडून घेतलं जातं. महिन्याचे पैसे त्याच्या यूपीआयवर जातात, तक्रार त्याच्या व्हॉट्सअॅपवर होते. माणूस ओळखीचा असतो, काम लवकर होतं, तोवर सगळं छान. बिघडलं की कळतं, कंपनीच्या नावाचं बिल नाही, ग्राहक क्रमांक माहीत नाही, प्लॅन किती एमबीपीएसचा नोंदवलाय तेही ठाऊक नाही. व्हॉट्सअॅपवर ‘बघतो दादा’ असं उत्तर आलं, तरी डॉकेट नंबर मिळत नाही आणि तीन दिवसांचं घड्याळ सुरूच होत नाही.

म्हणून पुढच्या वेळी चकती फिरायला लागेल, तेव्हा राउटरच्या बटणाआधी बिल शोधावं. त्यावर परवानाधारक कंपनीचं नाव, ग्राहक क्रमांक आणि प्लॅनचा वेग आहे का ते पाहावं. नसेल, तर पुढचा हप्ता भरण्याआधी ते मागून घ्यावं.