भयांतील गोडी

उन्हाळ्याची सुटी लागली कीं, मुलांना कोठें न्यावें हा प्रश्न घरोघरीं उभा राहतो. आमच्या जोगेश्वरीच्या मंडळींना गोराईचें एस्सेलवर्ल्ड १९८९ सालापासून कित्येक वर्षें सोयीचें होतें. २०१३ सालीं खोपोलीजवळ इमॅजिका निघालें, आणि तेथील ‘नायट्रो’ हा पोलादी रोलर कोस्टर मुलांच्या तोंडीं बसला. परंतु ज्यांचीं लेकरें-नातवंडें न्यू जर्सींत आहेत, त्यांस तेथील जॅक्सन गांवचा ‘एल टोरो’ ठाऊक असेल. तो लांकडी आहे. लांकडाच्या डोलाऱ्यावरून घसरण्यांत गोडी ती कसली, असें वडील मंडळी विचारतील.

एल टोरो २००६ सालीं सुरू झाला. त्याचा पहिला उतार १७६ फुटांचा, ७६ अंशांच्या कोनाचा. वेग ताशीं ७० मैल. गाडीस इंजिन नाहीं. एकदां दोरानें वर ओढली कीं, पुढचें काम गुरुत्वाकर्षणाचें. खरी मौज पुढील टेकाडांत आहे. माथ्यावर गाडी खालीं वळते, शरीर मात्र पूर्वीच्याच दिशेनें वर जाऊं पाहतें. म्हणून क्षणभर आसन सुटतें व अंग पिसासारखें हलकें होतें. झोपाळ्यावर पोटांत येणारा गोळा तो हाच. गाडी उडत कां नाहीं? कारण रुळाखालींही चाकें असतात. जॉन मिलर यानें या युक्तीचें पेटंट १९१९ सालीं घेतलें, आणि उंच उतार शक्य झाले. लांकूड किंचित् लवतें, खडखडतें. तो आवाजही भयांत भर घालतो. एल टोरोचे रूळ मात्र कारखान्यांत थरावर थर चिकटवून अचूक कापलेले असल्यानें हाडें खिळखिळीं होत नाहींत.

भरतमुनींनीं आठ रसांत भयानकाची गणना केली आहे. पण भय हें रस केव्हां होतें? आपण सुरक्षित आहों ही खात्री मनाच्या तळाशीं असते तेव्हांच. ती नसेल तर उरतें तें निव्वळ भय.

यास्तव पालकांस दोनच गोष्टी सांगावयाच्या. रडणाऱ्या मुलास ‘भित्रा’ म्हणून बळेंच बसवूं नये. त्याला गोडी लागत नाहीं, धसका मात्र बसतो. आणि दाराशीं लावलेल्या उंचीच्या पट्टीस, मुलास टांचा उंचावावयास लावून, कधींही फसवूं नये. मांडीवरचा दांडा ठराविक अंगलटीस धरून ठेवण्यासाठींच बेतलेला असतो, आणि वर सांगितलेली सारी खात्री त्या दांड्यावरच विसंबून आहे.