अंगठ्याविना व्यवहार

व्हिडिओ गेमवरचे सिनेमे फसतात का, याचे उत्तर सिनेमावाल्यांच्या खिशात तयार असते : ‘गेममध्ये मुळी गोष्टच नसते हो!’ मी बँकेतला साधा बी. कॉम. कारकून, पण हे कारण मी मंजूर करणार नाही. गोष्ट नसलेले सिनेमे आपण काय थोडे पाहिलेत?

खरी भानगड अंगठ्याची आहे. गेमचा सगळा व्यवहार खेळणाऱ्याच्या अंगठ्यावर चालतो. तो मिशीवाला प्लंबर मारिओ खड्ड्यात पडला, तर तो मी पाडलेला असतो. ‘बाबा, काय हे!’ असे चिरंजीव मला म्हणतात, मारिओला नव्हे. सिनेमात तोच पडला तर मी खुशाल शेंगदाणे खात बसतो. माझा अंगठा काढून घेतलात ना? मग बदल्यात खात्यावर काहीतरी जमा करा की!

१९९३ साली हॉलिवूडने मारिओवर सिनेमा काढला. बॉब हॉस्किन्ससारखा कसलेला नट घेतला आणि मग मंडळींना मूळ खेळाचीच लाज वाटू लागली. रंगीत अळंबी? छे, पोरकट! त्याऐवजी डायनोसॉरांच्या वंशजांचे एक काळोखे, कळकट शहर उभारले आणि त्यात गावभर बुरशी लावली. सिनेमा तिकीटबारीवरून चेकासारखा परत आला.

२०२३ साली अ‍ॅनिमेशनमधला मारिओ आला. अळंबी, कासवे, सगळे जागच्या जागी. गल्ला १३० कोटी डॉलरच्या वर! झाले, लोक म्हणाले, प्रश्न सुटला. अहो, जमा रकमेवरून खातेदाराची पारख करायची नसते, हे आमच्याकडचा शिपाईसुद्धा सांगेल. त्या सिनेमात ओळखीच्या वस्तूंची हजेरी घेतलीय, बस्स. लग्नाचा अल्बम बघावा तसे ‘हा बघ, तो बघ!’ आमच्या चिरंजीवांनी घरी येऊन बूट न काढता गेम लावला, यातच काय ते आले.

उलट ‘द लास्ट ऑफ अस’ बघा. २०१३ चा गेम, २०२३ ची मालिका. (इथेही बुरशीच, पण माणसे खाणारी!) गेममध्ये बिल हा एकलकोंडा, तिरसट गडी. त्याचा जोडीदार फ्रँक भेटतो तो मेलेलाच, मागे एक कडवट चिठ्ठी ठेवून. मालिकेने ती चिठ्ठी फाडली आणि तिसरा भाग जवळजवळ सगळा त्या दोघांच्या संसाराला दिला. भांडणे, आजारपण, अंगणात लावलेल्या स्ट्रॉबेऱ्या. खेळण्यासारखे त्यात काही नाही, आणि अंगठ्याची आठवणही होत नाही. सौ.ने दोनदा चष्मा पुसला. हे सगळे कुठल्या गेमवरून घेतलेय, हे तिला अजून ठाऊक नाही.