शब्द आणि व्यवहार : पाठीवरची सही

‘एन्डॉर्स’ हे इंग्रजी क्रियापद आपल्याकडे दोन वाटांनी येते. जाहिरातीत एखादा अभिनेता वस्तू ‘एन्डॉर्स’ करतो, म्हणजे तिची शिफारस करतो. बँकेत आपण धनादेश ‘एन्डॉर्स’ करतो, म्हणजे त्याच्या मागे सही करून तो दुसऱ्याच्या नावे करतो. मूळ एकच. फ्रेंचमध्ये ‘दो’ म्हणजे पाठ. त्यावरून ‘आंदोसे’ हे क्रियापद झाले आणि जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत गेले. आपला ‘पृष्ठांकन’ हा शब्दही पाठीवरूनच आला आहे.

इंग्रजी शिकणारा फ्रेंच भाषक मात्र येथे अडखळतो. त्याच्या भाषेत ‘आंदोसे’ म्हणजे वस्त्र अंगावर चढवणे, जबाबदारी शिरावर घेणे आणि धनादेशामागे सही करणे. नुसता पाठिंबा देणे, हा अर्थ काटेकोर फ्रेंचमध्ये इंग्रजीची उसनवारी समजला जातो. त्यासाठी ‘सूतनीर’ हे निराळे क्रियापद आहे.

व्यापाऱ्याने हा फ्रेंच अर्थच ध्यानी ठेवणे हिताचे. समजा, रोह्याच्या ग्राहकाने दिलेला धनादेश निडीच्या दुकानदाराने सही करून पेणच्या घाऊक व्यापाऱ्यास दिला आणि तो वटला नाही. 1881 च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 35 नुसार, योग्य सूचना मिळाल्यावर, पेणचा व्यापारी निडीच्या दुकानदाराकडेही भरपाई मागू शकतो. ‘मी केवळ पुढे दिला’ ही सबब चालत नाही. जबाबदारी नको असेल तर कलम 52 प्रमाणे सहीसोबत तसे स्पष्ट लिहावे लागते. त्यासाठीचा रूढ शब्दप्रयोग ‘सां रिकोर्स’. त्यातील ‘सां’, म्हणजे ‘विना’, हाही फ्रेंचच! ‘अकाउंट पेयी’ रेखांकनाचा धनादेश मात्र असा पुढे देता येत नाही. रक्कम ज्याचे नाव त्याच्याच खात्यात जमा व्हावी, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे.

आता शिफारशीचा अर्थही जबाबदारीकडे वळला आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या कलम 21 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत शिफारस करणाऱ्यास 10 लाख रुपयांपर्यंत, पुन्हा तसे केल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. दाव्यांची योग्य ती शहानिशा आधी केली असेल, तरच त्यातून सुटका.

म्हणून कागद उलटून सही करताना पुढची बाजू आधी वाचावी. कोणाचा धनादेश, किती रकमेचा, देणाऱ्याची पत कशी, हे पाहावे. सही मागच्या बाजूस असली, तरी देणे आपल्या पुढ्यात येऊ शकते.